एकाच ठोक्याचं घड्याळ

लुंबिनी : आता ह्या लॅपटॉपवरचं घड्याळ बघा हं बाबा. शून्य… एक… झालं! बसलं मेलं पुन्हा.

आनंदराज : बटन दाब की.

लुंबिनी : कायबी दाबा, हालत न्हाई. उद्या अकराला नांदेडला परीक्षक येणार. मी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम ह्याच लॅपटॉपवर चालवून दाखवायची हाय. सांगून टाकते, लॅपटॉपच खराब हाय म्हणून.

आनंदराज : हाय का पण खराब?

लुंबिनी : …न्हाई. परवापर्यंत विंडोज चांगलं चालत होतं त्याच्यावर.

आनंदराज : मग दोनचा आकडा येईना कशानं? सांग तर मला.

लुंबिनी : आत टायमर असतो. वेळ झाली की एक चिप माझ्या प्रोग्रामला हाक मारती. मी आकडा वाढवायचा आन् ‘काम झालं’ म्हणून कळवायचं. कळवलं तरच पुढची हाक.

आनंदराज : आगं, ही तर आमची रेल्वे! पुढल्या ठेसनानं ‘गाडी पोचली’ कळवल्याबिगर मागून दुसरी सोडायची न्हाई. पस्तीस वर्सं मास्तरकी केली, दुसरं काय केलं म्या? तू कळवती का?

लुंबिनी : कळवते की! ही काय ओळ.

आनंदराज : कुणाला?

लुंबिनी : कुणाला म्हणजे? चिपला.

आनंदराज : हाक तीच मारून राहिली का? आमची सिग्नलची नवी केबिन झाली तवा मी महिनाभर सवयीनं जुन्याच केबिनीला फोन लावायचो. तिथं कुत्रं न्हाई उचलायला!

लुंबिनी : थांबा थांबा… आगं माय! एम्युलेटरमधी, आधी चालवून बघितलं त्या नकली मशीनवर, जुनी चिप हाक मारती. लॅपटॉपवर म्या नवी चालू केली, आन् निरोप अजून जुनीलाच धाडून राहिले!

(ती ओळ बदलते. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करते.)

आनंदराज : एक… दोन… तीन… चार! पळालं की गं!

लुंबिनी : लॅपटॉप बिचारा चांगला. चूक माझी. उद्या तसंच सांगते.

आनंदराज : सांगशील?

लुंबिनी : हाव. हसले तर हसू द्या.

आनंदराज : मी एकदा ‘गाडी पोचली’ कळवायचंच विसरलो होतो. मागची गाडी पाऊण तास उभी.

लुंबिनी : मग?

आनंदराज : मागच्या ठेसनातल्या नागप्पानं फोन उचलला न्हाई, असं लिहून दिलं म्या. त्याची लांब बदली झाली. लेकरं लहान होती त्याची.

लुंबिनी : बाबा…

आनंदराज : नागप्पा आता औशाला राहतो. उद्या तुझ्यासंग येतो मी; नांदेडहून तिकडं दुपारची एस्टी असती का गं?