दुधाचेच तर दात होते

विहारात बसलेल्या माह्या भाऊ-बायाहो, पायलसाठी आपन सारे कामधंदा सोडून आले. मी तिची आत्या, सुदामची मोठी बहीन. मले बोलता येऊन नाई राह्यलं. दुःखानं नाई, रागानं.

आठ वर्साच्या पोरीच्या पुण्यानुमोदनाले काय बोलावं? पोरगी गरीब गाय होती म्हनू? होती. म्हनूनच मेली.

पायल दातानं मेली. ऐका नीट. नजर लागून नाई, कोनाच्या करनीनं नाई. दाढ किडली, पू गळ्यात उतरला, गळा सुजला, श्वास कोंडला. चंद्रपूरच्या डॉक्टरनं इचारलं, "इतके दिवस काय करून राह्यले होते तुमी?"

काय करून राह्यलो होतो? मीच सांगते.

वैनी, पायलची माय, मिरची तोडाले तेलंगनात जाये. पोरींसाठी तिचा जीव तुटे. वापस आली का बिस्किटाचा पुडा, चॉकलेट, गोड चहा. पोरगी रडली का साखर. मायजवळ माया द्याले दुसरं होतं तरी काय? दाढ काळी पडली तवा मी म्हटलं, दवाखान्यात दाखवा. सारा मोहल्ला हासला. "दुधाचेच तर दात हायेत बाई, पडतीन!" दात पडाच्या आधी पोरगी पडली. हासा ना आता! काऊन नाई हासत?

शाळेत पोट्टे तिले "किडकी" म्हनत. ती तोंडावर हात ठेवून हासे. मंग हासनंच सोडलं.

आन घरी? सुदाम, वर पाह्य. खाली नको पाहू, वर पाह्य! धानाच्या बांदीतून थकून आला तू, पोरगी कन्हून राह्यली होती. तुनं तिच्या सुजलेल्या गालावर थापड हानली. त्याच गालावर. मी दारात उभी होती. भिंतीवर आपटली ती. तू म्हटलं, "आता रडशीन?" ती म्हने, "नाई दुखत, बाबा."

त्या दिवसापासून ती तेच म्हने. घास गिळता येत नव्हता, तरी म्हने, नाई दुखत. अंग तापलं, तरी नाई दुखत. दातानं तिले मारलं, पन तिचं तोंड आपन दाबलं.

सुदाम, तू कसाई नाई. आपल्या बापानंही आपल्याले असंच चूप केलं होतं. माह्या अर्ध्या दाढा त्यातच गेल्या. पन म्हनून मी तुले माफ करू? आज नाई होत माह्याच्यानं.

आन मंग आपला तो खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटला आन पोरीच्या दाढेत दाबला. म्हने, बधिर होते. पोट्ट्याले भूक लागली का खर्रा, दुखलं का खर्रा, मयतीत खर्रा. मी इथी बोलून राह्यली आन मागं कोनाची तरी पन्नी कचकच वाजून राह्यली. कोन हाय रे तो? थांबव हात! नाई तर ती पुडी तुह्याच नरड्यात कोंबीन. पाया पडू नको, बस खाली.

आता शेवटचं सांगते. तिथी पाहा, वैनीच्या मांडीवर पायलची लहान बहीन बसली हाय, छकुली. सकाळपासून तिचा हात गालावर हाय. मी तिले इचारलं, "दुखते का माय?" तिनं आधी बापाकडं पाह्यलं. मंग मान हालवली. नाई म्हने.

पाह्यलं? हेही शिकली.

उद्याच्या पहिल्या बसनं तिले दवाखान्यात न्याचं हाय. सुदाम, तूच तिले कडेवर घेशीन. मी संग येते. कोनी म्हनलं का दुधाचे दात हायेत, तर त्याचे दात मी पाडीन.

उठा आता सारे. हातातला खर्रा खाली टाका. दोन्ही तळहात उघडे ठेवा, मले दिसले पाह्यजेत. पायलसाठी आपन चूप उभे राहू. बाया, मानसं, पोट्टे, सारे चूप.

फक्त छकुली, तू चूप नको राहू. कोनी नाई मारत आता. दुखत असन तर रड माय, मोठ्यानं रड.

जय भीम.