दोन पारडी

जुन्या बंदरावर होडी यायला अजून अवकाश होता. धुक्यात पलीकडचा बाजार असल्यासारखाही दिसत होता आणि नसल्यासारखाही. बाळाला खांद्यावर निजवून वखारीच्या दारात उभ्या असलेल्या तरुण आईच्या कानावर आतल्या म्हाताऱ्या बहीणभावाचं बोलणं आलं.

“ताई, हाच तो काटा गं. बाबा इथेच मिरी तोलायचे.”

“आणि काम संपलं की आपल्याला. एका पारड्यात तू, दुसऱ्यात मी.”

“तू कायम खाली. भोपळा!”

“आणि तू वर लोंबकळत, काडीपैलवान!”

“आता नुसती काडीच उरलीय, ताई. उद्याचं ऑपरेशन मला झेपायचं नाही. होडी आली की सरळ घरी जाऊ या.”

“आधी बस पारड्यात.”

“या वयात? लोक हसतील.”

“हसू देत. बस म्हणते ना!”

साखळ्या कुरकुरल्या. दोन्ही पारडी पाण्यावरच्या होड्यांसारखी डुलली आणि हळूहळू स्थिरावली. भाऊ मान वर करून काट्याकडे बघत राहिला.

“अगं, मधोमध! बरोबरीत आहोत आपण!”

“मग? खंगलो, खंगलो म्हणून उगाच माझा जीव खातोयस.”

दारातून तरुण आईला ताईचे पाय दिसत होते. चवडे फरशीत घट्ट रोवलेले, पोटऱ्या थरथरत होत्या. बाळ चाळवलं, तशी ती घाईघाईने त्याला थोपटू लागली.

“पाय उचललेस ना गं?”

“तुझ्या डोक्यावर ठेवू का आता?”

“बरं बाई. होडीवाल्याला सांग, आम्हाला इस्पितळाच्या धक्क्याला सोड म्हणावं.”