आजीने गोठवलेली विहीर

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर एक विज्ञानाच्या बाई आणि त्यांची आई बसल्या होत्या. मी पेपर तोंडासमोर धरला आणि कान तिकडे लावले.

"आई, माझ्या वर्गाच्या ऑनलाइन चर्चेत तू काही लिहिलंस?"

"मी? छे गं! पण लॅपटॉप उघडा कशाला ठेवतेस?"

"अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरून शिकतात. तीन आठवडे तिथे चिटपाखरू नाही. मोठ्या बाई आज चर्चा बंदच करणार होत्या. आणि माझ्या नावाने लिहिलंय, 'माझ्या आजीने फुंकर मारून विहीर गोठवली. खोटं असेल तर सिद्ध करा.'"

"मग? केलं कुणी?"

"बावन्न उत्तरं आलीत! वर्गातली आणि घरची मुलं हमरीतुमरीवर आलीत. घरून शिकणारी एक मुलगी वर्षभर चकार शब्द बोलली नव्हती. तिने थर्मामीटरवर फुंकर मारून चक्क फोटो टाकलाय."

"शाब्बास पोरी! किती भरलं?"

"चौतीस अंश. म्हणजे फुंकर गरमच!"

"आणि तुमच्या मोठ्या बाई?"

"त्यांनी आत्ताच लिहिलंय. 'चर्चा चालू ठेवा. विहिरीवर झाकण होतं का?'"

"होतं की! लिही, आजीने पहिल्या फुंकरीत तेच उडवलं."