हवेला दिलेला रंग

...नाही काका, तो दगड विकायचा नाही, आणि त्याच्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही असं अब्बांनी बजावलंय. तुम्ही वर पाय ठेवलात म्हणून काही नाही, ठेवा की, आम्ही पण त्याच्यावरच कपडे धुतो — पण वाचू नका. वाचलंत? झालं मग. अब्बा नमाजला गेलेत, येतील आता, बसा. चहा ठेवायला सांगते अम्मीला. नको? बरं. तुमची गाडी लातूरची दिसते. म्हणजे तुम्ही इथले नाहीत, इथल्या कुणाला ओळखत नसाल — नाही ना? कबरीचा दगड पाहिजे असेल तुम्हाला. लांबून लोक कबरीच्या दगडासाठीच येतात आमच्याकडे.

आता अर्धं वाचलंच आहे तर... "वर्गखोल्यांचे भूमिपूजन", हाव, आमच्याच शाळेचं. ती रस्त्यापलीकडे पत्र्याची दिसते ना, ती. दहावीपर्यंत आहे. मी यंदा दहावी झाले. अक्षर? ते माझंच आहे. अब्बा उर्दू शिकलेले, मराठी अक्षर मी काढून देते दगडावर आणि अब्बा छिन्नीनं कोरतात. कुणाचं नाव मोठं, कुणाचं त्याच्या खाली, "शुभहस्ते" कुणाचे आणि "प्रमुख उपस्थिती" कुणाची, हे सगळं मला पाठ आहे. एकदा सरपंचबाईंच्या आधी त्यांच्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणून दगड परत आला होता! सरपंच बाई, आणि राग नवऱ्याला.

तर मी आठवीत होते तेव्हा सरोजिनी मॅडम — आमच्या हेडमास्तर — त्यांनी लई खेटे घालून दोन खोल्या मंजूर करून आणल्या. आमदार निधीतून. मन्मथअप्पा होते तेव्हा आमदार. दोन खोल्या झाल्या की अकरावी-बारावी इथंच सुरू होणार होती. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं — पण देगलूर इथून पंचवीस किलोमीटर, सकाळची एक एसटी, आणि यायची गाडी अंधार पडल्यावर. माझी मैत्रीण मृण्मयी लातूरला गेली, होस्टेलला, तिचे वडील शिक्षक आहेत, त्यांच्यात जमतं. तुमच्याकडं म्हणे गल्लीगल्लीत क्लास आहेत, खरं का? आमच्यात अम्मी एसटीला पण हो म्हणत नाही. तेव्हाच उदगीरच्या खालांनी, म्हणजे माझ्या मावशीनं, एक मुलगा आणला होता माझ्यासाठी, आणि अब्बा त्यांना काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "ठहरो जरा, खोल्या होऊन राहिल्यात, पोरगी बारावी करंल." मी आत भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकायचंच विसरले.

मग दगडाचं काम आलं. मल्लेशभाऊ आले, अप्पांचे कार्यकर्ते, आणि म्हणाले, "जिलानीचाचा, भूमिपूजनाचा आणि लोकार्पणाचा, दोन्ही एकदमच काढून ठेव. दोनदा कोण हेलपाटे मारंल?" असं करतात हो सगळेच. भूमिपूजन म्हणजे काम सुरू, लोकार्पण म्हणजे काम पूर्ण — पण दगड एकदम कोरून ठेवायचे, तारीख तेवढी मोकळी सोडायची. बांधकाम झालं की तारीख टाकली, दगड लावला. कुणाला त्यात काही वाटत नाही. अब्बांनाही वाटलं नाही. मलाही नाही वाटलं, उलट लोकार्पणाचं अक्षर काढताना मी — जाऊ द्या.

ज्या दिवशी कार्यक्रम, त्याच दिवशी दुपारी आचारसंहिता लागणार असं कळलं. मग काय धावपळ! ढोलवाले सकाळीच हजर. आणि इकडे तारीख कोरता कोरता भूमिपूजनाचा दगड तडकला. हाच तो, बघा ना, तुमच्या टाचेपाशी तड आहे. अब्बा म्हणाले, उद्या नवा देतो. मल्लेशभाऊ म्हणाले, "उद्या काय देतो, उद्या आमची अंत्ययात्रा का? तो दुसरा हाय ना, तोच दे. पडदा ओढायचा, हार घालायचा, टाळ्या. वाचतंय कोण?" अब्बा म्हणाले, भाऊ, त्याच्यावर लोकार्पण आहे. भाऊ म्हणाले, "चाचा, लोकांना अर्पण तर करूनच राहिलोत ना, आज करू नाहीतर परवा." आणि घेऊन गेले.

मोकळ्या मैदानात विटांचा चौथरा केला, त्याच्यावर दगड बसवला, अप्पांनी पडदा ओढला. "दोन वर्गखोल्यांचा लोकार्पण सोहळा". मागं नुसती बाभळीची झुडपं. आम्ही पोरींनी स्वागतगीत म्हटलं. फोटोत सगळे हसून राहिले, मी पण. खरंच कुणी वाचलं नाही हो. फक्त सरोजिनी मॅडमनी वाचलं, त्यांचा चेहरा असा झाला जसा कुणीतरी भर वर्गात... पण त्यांना वाटलं, चूक आहे, दगड बदलतील.

दगड नाही बदलला. कागद बदलले. म्हणजे त्या दगडाचा फोटोच फायलीत लागला, आणि वर्गखोल्या झाल्या. बांधल्या गेल्या. संपलं.

आता मजा ऐका. मॅडम कचेरीत गेल्या खोल्या मागायला, तर साहेब म्हणाले, "तुमच्या खोल्या झाल्यात की, परत कशा देणार?" मग मॅडम अकरावीची परवानगी मागायला गेल्या, तर दुसरे साहेब म्हणाले, "खोल्या दाखवा." एकाच इमारतीत, काका! वरच्या मजल्यावर खोल्या आहेत आणि खालच्या मजल्यावर नाहीत. हसू नका. नाही, हसा, मी पण हसले होते.

आणि अब्बा? अब्बांना मी म्हटलं, आपण सांगू या ना कुणाला तरी, तडकलेला दगड तर आपल्याकडंच आहे. ते म्हणाले, "नक्को बेटी. दगड किसने खोदा? जिलानी ने. कल बोलेंगे, जिलानी ने गलत खोदा." आणि खरंच मल्लेशभाऊ बाजारात असंच सांगत होते — चाचाला मराठी येत नाही, त्याच्याकडून चूक झाली. त्या दिवसापासून हा दगड न्हाणीपाशी उलटा होता. पावसाळ्यात माती वाहून गेली म्हणून मीच सरळ केला.

पण निवडणूक झाली ना, अप्पा पडले. सर्वेशदादा आले निवडून, दुसऱ्या पक्षाचे. प्रचारात लई बोलायचे ते, "एकेका दगडाचा हिशोब मागणार!" मला तर वाटलं, झालं आपलं काम. ते मैदानात आले, दगड स्वतः वाचला — मी पाहिलं, ओठ हलवत वाचला — आणि मोठ्यानं हसले. मोबाईलमधे फोटो काढायला लावले. मी त्या रात्री अब्बांना म्हटलं, बघा आता. अब्बांनी उदगीरला होकाराचा फोन करायचा होता, तो केला नाही.

आठ दिवसांनी सर्वेशदादांचा माणूस आला दगड सांगायला. मी पेन्सिल घेऊनच बसले. म्हणाला, लिही — "वर्गखोल्यांची दुरुस्ती व रंगरंगोटी". मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. दुरुस्ती कशाची? तो म्हणाला, "नव्या खोल्या मागितल्या तर चौकशी लागंल, वर्ष जाईल. दुरुस्तीला पैसा लगेच येतो. तू लिही." तो दगड पण पहिल्याच्या शेजारी लागला. रंग कशाला दिला? हवेला दिला. आणि अप्पांनी तरी ओरडावं ना, विरोधात होते ते! पण ते कसे ओरडतील — कुठल्या खोल्या रंगवल्या असं विचारलं, तर आधी सांगावं लागेल कुठल्या खोल्या बांधल्या. तेव्हापासून दोघंही लग्नाकार्यात भेटले की एकमेकांना पेढा भरवतात.

मी ते अक्षर काढलं, काका. काढलं. चांगलं आलं. ती गोष्ट मला कधी कधी... म्हणजे हात वाकडा पण नाही झाला. मी संध्याकाळी कधी कधी जाते मैदानात, कुणाला सांगू नका हं, त्या दोन दगडांच्या मागं उभी राहते. फळा कुठं आला असता ते ठरवलंय मी. खिडकी पूर्वेला. माझा बाक खिडकीपाशी. बकऱ्या असतात तिथं.

आता उदगीरचे लोक शुक्रवारी येणार आहेत. या वेळी अब्बा "ठहरो" म्हणाले नाहीत. कशाच्या जोरावर म्हणतील? मुलगा चांगला आहे म्हणतात, दुकान आहे. चांगलाच असेल.

किती बोलले मी. शाळेत एक शब्द बोलत नव्हते, मॅडमना विचारा. तुमचं काम राहिलंच. सांगा, काय कोरायचं? मयताचं नाव आधी — कबरीचा नाही? मग? थांबा, पेन्सिल घेते. हं.

"शादीखाना". बरं. "नियोजित शादीखान्याचे भूमिपूजन". तुम्ही ठेकेदार आहात होय. हाव, लग्नाच्या हॉलची आमच्या मोहल्ल्याची मागणी होती जुनी. जागा? — शाळेचं मैदान. कुठल्या बाजूला — "जुन्या, मोडकळीस आलेल्या वर्गखोल्या पाडून त्या जागी".

...

नाही, लिहून राहिले. लिहिलं. काका, तुम्ही आत्ता सगळं ऐकलं ना? मी हे सगळं — बरं. शुभहस्ते? मन्मथअप्पा... आणि सर्वेशदादा. दोघं? एकाच ओळीत? युती झाली, हाव, पेपरात होतं. अक्षर सारखंच, कुणाचं लहान-मोठं नाही. बरं. पाडायचे पैसे वेगळे, बांधायचे वेगळे, असंच ना? मी आपलं विचारलं. मला काय करायचंय.

अब्बा करून देतील. ते कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त एक विचारू? हा हॉल तरी खरंच बांधणार ना तुम्ही? — आले, अम्मी! — खाली बघू नका, सांगा ना, रागावत नाही मी. कारण काका, जर बांधणारच नसाल — आले म्हटलं ना! — जर बांधणारच नसाल, तर त्या खोल्या पाडता तरी कशाला, निदान कागदावर तरी त्यांना उभं राहू —