कोलूसमोरचा पाय

...नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालं हो! बॅडमिंटन खेळताना लिगामेंट तुटलं, डॉक्टर शरण्याबाईंनी नवं बसवलं, इथवर सगळं शहाण्या माणसांच्या हातात होतं. घरी सोडताना बाईंनी बजावलं, "मधुसूदन, घोटा खाली-वर हलवत राहायचा! नाहीतर पोटरीत रक्ताची गुठळी होईल, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर संपलंच!" आता घोटा हलवायला काय अक्कल लागते? पण तुम्हाला सांगतो, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणून मैलापूरला सासुरवाडीत पडा, तेही ऐन नवरात्रात, आणि मग हलवून दाखवा!

सासरची मंडळी तंजावरची मराठी. दिवाणखान्यात कोलू मांडलेला, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर देवादिकांच्या बाहुल्या, आणि त्यांच्यासमोर माझी खाट! मी घोटा हलवला मात्र, सासूबाई किंचाळल्या, "अय्यो जावईबापू! देवीला लाथ दाखवता?" आता बोलणार कोण? जावई ना मी!

खाट फिरवा म्हणता? फिरवली! तर "उत्तरेला डोकं करून झोपतं का कुणी!" आडवी लावली, तर पाय दारात, येईल त्या बाईला लाथ! शेवटी पुन्हा देवीसमोर, आणि पायावर चादर. चादर हलली की घर हललं! आणि आमची बायको, सौम्या? आयटीत मोठी मॅनेजर, अख्खं ऑफिस हिच्या बोटावर नाचतं, ती काय म्हणते, "दसऱ्यापर्यंतचाच तर प्रश्न आहे, मधू!" अगं मग रक्ताला सांग ना, दसऱ्यापर्यंत गोठू नको म्हणून! पण बोलणार कोण? जावई ना मी!

रोज संध्याकाळी बायकांची रांग. कुंकू लावायचं, सुंडलातले, म्हणजे प्रसादाच्या उसळीतले, हरभरे चघळायचे, आणि माझ्याकडे बघून च्‌च्‌ करायचं. ललितापंचमीला पोटरी सुजून टम्म, गरम, ठणकून जीव नकोसा झालेला... तर शेजारच्या महालक्ष्मीमामी तेलाची वाटी घेऊन हजर! "रगडते, विरघळून जाईल!" अहो विरघळेल कसली, सुटेल आणि चढेल थेट छातीत! तेव्हा मात्र मी अशी बोंब ठोकली की बाहुल्या हादरल्या. घाबरलो होतो हो... खरंच मरतो की काय असं वाटलं.

दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गुठळी निघालीच. शरण्याबाई भडकल्या, "सांगितलं होतं ना? घोटा का नाही हलवला?"

म्हटलं, "पायासमोर कोलू होता."

राग कुठल्या कुठे! हात जोडून म्हणतात, "अय्यो... देवीकडे पाय? मग कसा हलवणार!" घ्या! एवढी शिकलेली बाई! रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन महिने, आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे त्यांना कोलूचं आमंत्रण दिलं.

आल्या की! कांजीवरम नेसून, गजरा माळून, माझ्या पायाशीच खुर्ची टाकून बसल्या. सुंडल खाता खाता विचारतात, "घोटा हलवताय ना?"

आता डॉक्टरीणबाईंच्या तोंडासमोर पाय नाचवू? सासूबाईंनी डोळे वटारलेलेच होते.

"हो हो, हलवतोय की," म्हटलं, आणि चादर नीट ओढून घेतली.