आमचा रस्ता मॅपवर हिरवा

...आणि हिरवा! तुम्हाला सांगतो, इकडे विलायतेत कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, वेबसाइटवर आमच्या गल्लीला हिरवा रंग दिलाय. म्हणजे ‘गुड कंडिशन’, म्हणजे आता दोन वर्षं इकडे कुणी फिरकणार नाही. आणि माझ्या गेटसमोर खड्डा केवढा? माझी आई, यमुनाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, फेब्रुवारीत वॉकरचं चाक त्यात अडकून आडवी झाली. सहा आठवडे मनगट प्लॅस्टरमध्ये! तेव्हापासून समोरच्या शशीमावशींकडे जायला घाबरते. मी आणि बायको सुचेता दिवसभर कॉलवर, मग तिनं मराठीत बोलायचं कुणाशी, डिशवॉशरशी? पण मॅपवर रस्ता हिरवा.

हे ठरवलं कुणी? व्हॅननं! हल्ली माणूस येत नाही हो, छपरावर कॅमेरे लावलेली व्हॅन येते, फोटो काढत जाते आणि कॉम्प्युटर ठरवतो, लाल की पिवळा की हिरवा. पत्र आलं, मंगळवारी सर्व्हे, गाड्या हलवा. ते मी आईला मराठीत वाचून दाखवलं... तीच माझी चूक. आमचे बाबा नागपूरला सरकारी कचेरीत, तपासणी म्हटली की कुंड्यांनासुद्धा गेरू लागायचा! मंगळवारी मी ऑफिसला ब्रॅकनेलला, घरी येऊन बघतो तर माझ्या टोमॅटोंसाठी आणलेलं कंपोस्ट आईनं डब्याडब्यानं खड्ड्यात ओतलेलं, पाणी शिंपडून, वॉकरनं ठोकून सपाट. लांबून अगदी डांबर! वर मलाच म्हणते, “साहेब येऊन राहिला नं, अन् दारासमोर असा खड्डा?”

गुरुवारी पाऊस पडला, कंपोस्ट गटारात, खड्डा जागेवर, आणि मॅपवर रस्ता हिरवा.

फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात, “सर, अवर डेटा सेज गुड.” आता काय सांगू, की बाई, तुमचा डेटा माझ्या आईनं थापलाय? अकरा ईमेल केल्या, तेव्हा कुठे खराखुरा इन्स्पेक्टर आला. आईला बजावून ठेवलं होतं, खड्ड्याला हात लावायचा नाही. नाही लावला हो! त्याला आत बसवलं, आल्याचा चहा दिला, चिवडा दिला. तो म्हणाला खड्ड्याची खोली नियमाच्या जरा काठावर आहे, पण कुणाला लागलं असेल तर लगेच बुजवता येईल. आणि आईकडे वळून विचारतो, “एनीबडी हर्ट, माय लव्ह?”

आईनं मनगट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, “नो, नो. व्हेरी गुड रोड.”

अहो, मी ओरडतोय, पडली होती ही, पडली होती! तो माझ्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो, आणि लिहितो काय? तिचं! तो गेल्यावर मी डोकं धरून बसलो, तर आई म्हणते, “चांगला माणूस होता रे रघू. तक्रार केली असती तर वरच्या साहेबानं त्यालाच झापलं असतं.”

आता रोज साडेचारला मी मीटिंग म्यूट करतो, आईचा हात धरतो आणि तिला शशीमावशींकडे पोचवतो. आणि खड्डा ओलांडताना तीच मला सांगते, “जपून रे.”