शेरूला जोडीदारीण

हसायचं तर हसा, पण मी सरड्याचा संसार मांडायला निघाले होते. पोरगा नोकरीला जर्मनीत गेला आणि त्यानं पाळलेला दाढीवाला सरडा, शेरू, माझ्या गळ्यात मारून गेला. काचेच्या पेटीत दिवसभर एकटाच बसायचा. मला बघवंना. म्हणून नगरातून एक मादी आणली, उंबऱ्यावर नव्या सुनेसारखा तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला अन् थेट शेरूच्या पेटीत सोडली.

शेरूची दाढी काळी ठिक्कर पडली, तोंड फाकून तो तिच्या अंगावरच धावला! मी बोंबलत पोराला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, आधी तिला बाहेर काढ! दुसऱ्या पेटीत ठेव. एकमेकांना दिसूसुद्धा द्यायचं नाही."

काढली एकदाची. म्हटलं, "आरं, त्याला सोबत नको व्हय?"

"नाही गं. ह्या जनावराला एकटंच बरं वाटतं."

"आन् तुला रं?"

तो हळूच म्हणाला, "आई, एवढ्यात फोन ठेवू नको."

चुलीवर कालवण करपलं. करपू दे मेलं, मी काय फोन ठेवला न्हाई.